चोरीनंतरचा सोसायटीचा ग्रुप: लोक घाबरू नयेत आणि गप्पही बसू नयेत म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ३१२ माणसं. दिवाळीच्या सुट्टीत दोन बंद फ्लॅट फुटले. तेव्हापासून ग्रुपवर रोज कुठल्यातरी टोळीचे फॉरवर्ड, गेटवर उभ्या असलेल्या पोरांचे फोटो आणि वॉचमनवर संशय. पोलीस ठाण्याच्या साहेबांना ग्रुपमध्ये घेतलं, पण ते अवाक्षर बोलत नाहीत. शहाणी माणसं एकेक करून ग्रुप सोडताहेत. सेक्रेटरी म्हणून आता काय करावं?

मी २९ वर्षं महाराष्ट्र पोलिसांत होते. त्यातली बरीच वर्षं बीटवर (म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या नेमून दिलेल्या भागात), मोहल्ला समित्या आणि दक्षता समित्यांच्या कामात गेली. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या सोसायट्यांचे असे ग्रुप मार्गी लावायला मदत करते. त्या अनुभवावरून सांगते. ग्रुप बिघडतो तो लोक वाईट असतात म्हणून नाही, गोष्ट अर्धवट राहते म्हणून. "बी विंगमध्ये चोरी झाली" हे सगळ्यांना कळतं. पुढे पंचनामा झाला का, गुन्हा दाखल झाला का, चोर कुठून शिरले, काही सापडलं का, हे कोणालाच कळत नाही. ही रिकामी जागा मग लोक आपापल्या भीतीने भरतात. ज्या ग्रुपवर प्रत्येक गोष्टीचा शेवट सांगितला जातो, तिथे माणसं टिकतात आणि कामाची माहितीही देतात. बाकी जे काही सांगणार आहे ते याच्याच आसपासचं आहे.

अर्धवट गोष्ट किती महाग पडते ते आपण २०१८ साली पाहिलं. मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ तेव्हा देशभर फिरत होते. त्यातला एक खूप गाजला. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. तो व्हिडिओ कराचीत मुलांच्या सुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेल्या फिल्ममधला होता. मूळ फिल्ममध्ये तेच दोघं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि पालकांनी सावध राहावं असा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा फोनाफोनांतून फिरत राहिला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली ती माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पुढे २०२० मध्ये, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, असं झालं. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. तुमच्या ग्रुपचा पहिला नियम इथूनच करा: सुरक्षेच्या नावाखाली दोन बाणांचा मेसेज टाकायचा नाही. त्यात काही तथ्य वाटलं तर ॲडमिनला वैयक्तिक पाठवा, ॲडमिन पोलीस ठाण्यात विचारेल आणि जे उत्तर मिळेल ते ग्रुपवर सांगेल. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

माझ्या स्वतःच्या हद्दीतला एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. दुपारी तीनच्या सुमाराला एका कॉलनीच्या ग्रुपवर फोटो पडला: पाठमोऱ्या दोन बायका, एकीच्या कडेवर पोर, हातात बोचकं. खाली लिहिलेलं, "सावध! मुलं पळवणाऱ्या बायका आपल्या भागात." मी आणि एक अंमलदार तिथे पोचलो तोवर तीस-चाळीस माणसं जमली होती. एका बाईच्या पदराला कोणीतरी हिसका दिला होता, तिच्या खांद्यावरची पिन उघडून टोचली होती आणि ब्लाउजवर रक्ताचा ठिपका होता. दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढून दाखवत होती. ते पाहायला कोणी तयार नव्हतं. बोचक्यात सुया, दोरे, कंगवे आणि काळे मणी होते. कोपऱ्यावरच्या घरातल्या एक आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली सुयावाली. हिच्या आईकडून मी घेत होते." तेवढ्यावर गर्दी विरघळली. त्या आजी ग्रुपवर नव्हत्या, त्यांच्याकडे साधा फोन होता. ज्या एका माणसाला खरं माहीत होतं ते माणूस ग्रुपच्या बाहेर होतं. आणि ज्याने फोटो टाकला त्याने संध्याकाळपर्यंत तो काढला नाही, चूक झाली असंही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच फोटो शेजारच्या दोन कॉलन्यांत पोचला होता.

म्हणून मी सांगते, माणसाचं वर्णन नको, कृतीचं द्या. "संशयास्पद माणूस" हा शब्दच ग्रुपवरून हद्दपार करा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की माणूस गरीब दिसतो, भाषा वेगळी बोलतो, किंवा टोपी, दाढी, बुरखा आहे. चोर संशयास्पद दिसत नाहीत. बंद घराची टेहळणी करणारे कुरिअरची पिशवी घेऊन, इस्त्री केलेला शर्ट घालून येतात. काय केलं ते लिहा. "काळा शर्ट घातलेला माणूस गेटवर उभा आहे" यावर कोणी काय करणार? "तिसऱ्या मजल्यावर तीन बंद दारांच्या कड्या हलवून पाहिल्या" यावर मात्र लगेच काही करता येतं.

मेसेज कसा असावा याचा नमुना ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवा, कारण घाबरलेल्या माणसाला नियम आठवत नाहीत, नमुना आठवतो. नेहमी येतो तो मेसेज असा: "काल रात्री आपल्या इथे गँग फिरत होती, पोलीस झोपलेत का???" आणि हवा तो असा:

"मंगळवार, रात्री १.४०. बी विंगच्या मागची भिंत. दोघं जण भिंतीवरून आत उतरले, शिटी वाजल्यावर परत चढून नाल्याच्या बाजूला पळाले. मी गॅलरीतून स्वतः पाहिलं. १.४३ ला ११२ ला फोन केला आहे."

कधी, कुठे, काय घडलं, स्वतः पाहिलं की ऐकलं, पोलिसांना कळवलं का. या पाच गोष्टींपैकी "स्वतः पाहिलं की ऐकलं" हे लिहायला लावलंत तर निम्म्या अफवा तिथेच थांबतात. ऐकीव गोष्ट सांगायला बंदी करू नका. फक्त "कोणाकडून ऐकलं" हे लिहायला लावा. नाव लिहायची वेळ आली की माणूस आधी त्या नावाला फोन करून विचारतो.

११२, म्हणजे तातडीच्या मदतीच्या क्रमांकाबद्दल एक बारकावा. हा फोन तुमच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून तुमच्या भागातल्या गाडीला निरोप जातो. त्यामुळे "गणपती मंदिरासमोर या" म्हणून भागत नाही. जिल्हा, शहर, रस्ता, सोसायटीचं पूर्ण नाव आणि जवळची मोठी खूण, या क्रमाने सांगा. हे एका ओळीत छापून गेटवरच्या केबिनमध्ये, लिफ्टमध्ये आणि प्रत्येक घराच्या फ्रिजवर लावा. रात्री दचकून उठलेल्या माणसाला स्वतःच्या सोसायटीचा पत्ता सुचत नाही, हे मी कितीदा पाहिलं आहे.

आता रात्रीचा मुद्दा, जो ग्रुप चालवणारे हमखास विसरतात. रात्री ग्रुप झोपलेला असतो. आपल्याकडे घरफोडीची एक जुनी रीत आहे: ज्या घरात शिरायचं त्याच्या शेजारच्या दारांना चोर आधी बाहेरून कड्या घालतात, मग निवांतपणे कडीकोयंडा उचकटतात. एका सोसायटीत पहाटे पावणेतीनला एका बाईंना आवाजाने जाग आली. दार उघडायला गेल्या तर दार उघडेना. त्यांनी ग्रुपवर लिहिलं: "माझ्या दाराला बाहेरून कडी आहे, समोर कोणीतरी आहे, कृपया या." तो मेसेज पहिल्यांदा वाचला गेला पहाटे साडेपाचला, दूधवाल्याच्या वेळेला. सकाळी मी पंचनाम्याला गेले तेव्हा समोरच्या दाराचा कोयंडा पत्र्यासारखा वाकून लोंबत होता, कुलूप न तुटता तसंच त्यात अडकलेलं, आणि या बाई हुंदके देत एवढंच म्हणत होत्या, "मी सांगितलं होतं हो सगळ्यांना." त्यांनी खरंच सांगितलं होतं, पण ऐकायला कोणी जागं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक विंगमध्ये फोनची साखळी करायला सांगते. विंगेतली चार घरं, ज्यांचे फोन रात्री वाजते राहतात. आधी ११२, मग या चौघांपैकी एकाला फोन, तो बाकी तिघांना करेल, त्यातला एक वॉचमनला. मेसेज नाही, फोन. गावाकडे ग्राम सुरक्षा यंत्रणा म्हणून जी सोय पुणे, नाशिक, नगर भागात पोचली आहे तिच्यात हेच शहाणपण आहे. संकटातला माणूस एका क्रमांकावर फोन करून बोलतो आणि त्याचाच आवाज गावातल्या सगळ्यांच्या फोनवर कॉल होऊन जातो. साध्या फोनवरही चालतं, वाचता न येणाऱ्यालाही कळतं, आणि कोण बोलतंय हे गावाला आवाजावरून समजतं. फॉरवर्डला आईबाप नसतात. इथे बोलणाऱ्याची ओळख पटते.

ग्रुपची रचना फार गुंतागुंतीची करू नका. दोन ग्रुप पुरेत. एक फक्त सुरक्षेच्या सूचनांचा, जिथे ॲडमिन आणि विंगेचे प्रतिनिधीच लिहू शकतील. दुसरा गप्पांचा, जिथे वाढदिवस, पाण्याची वेळ, हरवलेली मांजर, सगळं चालेल. सूचना ग्रुपवर आठवड्यात दोन-तीनच मेसेज आले पाहिजेत. तरच त्याची घंटी वाजली की लोक फोन हातात घेतील. घर सोडून गेलेले भाडेकरू आणि फ्लॅट विकून गेलेले मालक अजून यादीत असतात, त्यांना दर तीन महिन्यांनी नम्रपणे काढा. तोवर "आम्ही सगळे आठ दिवस कोकणात" असले मेसेज आणि गाडीत बसल्याचे फोटो ग्रुपवर टाकू नका असं सांगा. बाहेरगावी जाताना शेजाऱ्याला सांगा, विंगेच्या प्रतिनिधीला सांगा, दूध आणि पेपर बंद करा. दाराबाहेर साठलेले तीन दिवसांचे पेपर म्हणजे घरात कोणी नसल्याची पाटी.

तुमच्या वॉचमनबद्दल. तुम्ही लिहिलंय की लोकांचा त्याच्यावर संशय आहे. माझं ठाम मत आहे: ज्याच्यावर तुमची सुरक्षा सोपवली आहे त्याच्याबद्दल ज्या ग्रुपवर तो नाही अशा ग्रुपवर बोलणं हा अन्याय आहे, आणि तोट्याचंही आहे. दुपारी बारा ते चार या वेळात, जेव्हा दिवसाच्या घरफोड्या होतात, सोसायटीत कोण असतं? वॉचमन, धुणंभांडी करणाऱ्या बायका, इस्त्रीवाला, गेटवरचा भाजीवाला, आजी-आजोबा. डोळे त्यांचे, आणि ग्रुप नोकरीवर गेलेल्या माणसांचा. एका सोसायटीत मी आग्रह धरून घरकामाच्या चार ताईंना बैठकीला बोलावलं. सुरुवातीला त्या बसायलाही तयार नव्हत्या, दाराशी उभ्या राहिल्या. मग एकीने सहज सांगितलं की सी विंगच्या गच्चीचं दार महिनाभर नुसतं लोटलेलं असतं आणि शेजारच्या बांधकामाची परांची त्या कठड्याला लागली आहे. कॅमेऱ्यांवर खर्च करणाऱ्या कमिटीला हे माहीत नव्हतं. घरात काही हरवलं की पहिलं बोट याच ताईंकडे जातं, मग त्या कशाला आपण होऊन काही सांगतील? त्यांची पोलीस पडताळणी जरूर करा, पण ती भाडेकरूंचीही करा आणि सगळ्यांना एकच नियम लावा. वॉचमनसाठी साधा फोन किंवा व्हॉइस मेसेज, त्याच्या भाषेत. नेपाळी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या माणसाकडून मराठी टायपिंगची अपेक्षा ठेवायची आणि मग "तो काहीच कळवत नाही" म्हणायचं, हे बरोबर नाही.

फोटो आणि सीसीटीव्हीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे चांगल्या हेतूने सगळ्यात जास्त नुकसान होतं. चोरी झाली की पहिल्या तासात फुटेज ग्रुपवर येतं. दोन तासांत ते शहरभर होतं, चोरालाही पोचतं. तो शर्ट टाकून देतो, केस कापतो, गाव सोडतो. फुटेज आधी तपासी अंमलदाराला द्या आणि ते म्हणतील तेव्हाच, म्हणतील तेवढंच बाहेर काढा. दुसरं, डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्याने. त्यामुळे चोरीच्या रात्रीचंच नाही, आधीच्या आठवड्याचंही लगेच वेगळं साठवा, कारण टेहळणी आधी झालेली असते. तिसरं, डीव्हीआरचं घड्याळ. एका गुन्ह्यात आरोपी गेटमधून आत येतो ते फुटेज स्वच्छ होतं, पण घड्याळ सतरा मिनिटं मागे होतं. त्याच्या मोबाइलचं ठिकाण आणि फुटेजची वेळ जुळेना. तो फरक समजावून देण्यात किती कागद काळे झाले ते मलाच माहीत. महिन्यातून एकदा घड्याळ फोनशी जुळवा आणि जुळवल्याची तारीख वहीत लिहा. न्यायालयात फुटेज टिकायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. डीव्हीआर कोण सांभाळतो हे आधीच ठरलेलं असेल तर ते सहज देता येतं.

लहान मुलांचे फोटो कुठल्याच कारणाने टाकायचे नाहीत, चोरीचा आळ असलेल्या मुलाचे तर अजिबातच नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही, नाव, विंग, मजला, "त्या अमुकांची मुलगी", लिहिणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे. पीडित बालक असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदाही लागतो. घरातली मारहाण हा तर ग्रुपचा विषयच नाही. आवाज आला तर बेल वाजवा, ११२ ला किंवा महिलांच्या १८१ ला फोन करा, मूल संकटात असेल तर १०९८. ग्रुपवर लिहिलंत तर त्या घरातल्या बाईला जे भोगावं लागेल ते दार बंद झाल्यावर भोगावं लागेल.

कोणी रंगेहाथ सापडला तर? नागरिकाला पकडण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. खुर्चीवर बसवा, पाणी द्या, दोन शांत डोक्याची माणसं सोबत ठेवा आणि व्हिडिओ काढणाऱ्यांना घरी पाठवा. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून जीव घेतला तर आता जन्मठेप किंवा फाशीची तरतूद आहे, आणि ती त्या पाचातल्या प्रत्येकाला लागू आहे. हे ग्रुपवर एकदा स्पष्ट लिहून ठेवा.

तुम्ही स्वतः ॲडमिन म्हणून घाबरला असाल तर थोडा दिलासा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, समान हेतू दिसला पाहिजे. पण गुन्हा नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. वाईट मेसेज दिसला की काढा, आणि काढला तर का काढला ते एका ओळीत सांगा.

पोलीस बोलत नाहीत, ही तुमची तक्रार. माझ्या सहकाऱ्यांच्या बाजूने आधी सांगते: ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा नंबर चाळीस-पन्नास ग्रुपांत असतो, रात्री फोन उघडला तर हजारभर मेसेज. तपास चालू असताना तो ग्रुपवर लिहूही शकत नाही. आणि दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते, तो जातो आणि ग्रुपचं नातंही जातं. म्हणून मोठ्या साहेबांना ग्रुपमध्ये घेऊन काही साधत नाही. तुमचा बीट अंमलदार कोण ते शोधा. तो तुमच्या गल्लीत रोज फिरतो. सोसायटीतर्फे एकाच माणसाने त्याच्याशी संपर्क ठेवायचा, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. तो जे सांगेल आणि सांगू देईल ते ग्रुपवर टाकायचं.

पण खात्याचीही चूक असते, ती लपवत नाही. फिर्यादीला पुढे काय झालं ते न कळवणं ही आमची जुनी सवय. फिर्यादी हेलपाटे घालतो आणि त्याला "तपास चालू आहे" एवढंच ऐकू येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यावर बोट ठेवलं आहे. कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवणं तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, मेसेजवर कळवलं तरी चालतं. कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत फुकट मिळते, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. हे हक्क ग्रुपवर सांगा. आणि हेही सांगा की ग्रुपवरची पोस्ट म्हणजे तक्रार नव्हे. साहेबांनी ती वाचली असेल तरी ठाण्याच्या दप्तरी तिची नोंद नाही. कितीतरी ठिकाणी ग्रुपवर पन्नास जण "माझीही सायकल गेली" लिहितात आणि ठाण्यात एकही सायकल चोरीला गेलेली नसते. मग गस्त कशी वाढेल?

लोक कामाला कधी लागतात? काहीतरी पूर्ण झालेलं दिसलं की. भाषणांनी, पोस्टरांनी लागत नाहीत. आमच्या इथे सुरुवात तीन बंद दिव्यांपासून केली. रस्त्यावरच्या खांबांचे नंबर टिपले, महापालिकेत तक्रार केली, तक्रार क्रमांक ग्रुपवर टाकला. नऊ दिवसांनी दोन दिवे लागले, त्याचा रात्रीचा फोटो टाकला. तिसऱ्याचा पाठपुरावा चालू आहे असं लिहिलं. त्या फोटोखाली ज्यांनी वर्षभर एक अक्षर लिहिलं नव्हतं अशा माणसांनी लिहिलं, "आमच्या मागच्या बोळातला पण बंद आहे." असं एकेक माणूस पुढे येतं.

आणि एक मोठी चोरी आहे जी तुमच्या गेटवर दिसत नाही. मी ज्या सोसायट्यांत जाते तिथे घरफोडीत गेलेल्या पैशांपेक्षा फोनवर गेलेले पैसे कितीतरी जास्त असतात, फक्त ते कोणी सांगत नाही. एका निवृत्त शिक्षिकेला व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसांनी "डिजिटल अरेस्ट" म्हणून दीड दिवस घरात बसवून ठेवलं. शेजारीण वाटीभर खीर घेऊन आली तेव्हा दार उघडलं नाही. आतून म्हणाल्या, "बरं नाही गं." त्यांनी नंतर मला सांगितलं, "लाज वाटली. एवढी शिकलेली मी." डिजिटल अरेस्ट नावाचं काहीही आपल्या कायद्यात नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे मागत नाही. पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, कारण रक्कम एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच परत मिळायची आशा. त्या बाईंनी पुढे स्वतःचं नाव न घालता आपला अनुभव व्हॉइस मेसेजमध्ये सांगितला आणि मी तो ग्रुपवर टाकला. त्यानंतरच्या पंधरवड्यात तिघांनी मला वैयक्तिक फोन केले. एकाला तेव्हा नुकताच तसा कॉल आला होता, त्याचे पैसे वाचले.

एकमेकांचे चेहरे माहीत असल्याशिवाय ग्रुप चालत नाही. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या बसवल्या. पोलीस आणि दोन्ही समाजांची माणसं दर काही दिवसांनी एकत्र बसायची, बहुतेक वेळा गटार, भांडणं, दारू असल्या साध्या विषयांवर. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तेव्हा मोबाइल नव्हता. अफवा आली की ती खरी की खोटी हे कोणाच्या घरी जाऊन विचारायचं ते माणसांना माहीत होतं. महिन्यातून एकदा, अर्धा तास, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये बसा. २०२४ च्या जून-जुलैत पुणे आणि बीडकडच्या गावांत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशी भीती पसरली होती. गावंच्या गावं जागत होती. अशा वेळी लोकांना भरवशाचं एक तोंड लागतं. ते तोंड आधीच्या साध्या बैठकांतून तयार झालेलं असतं, ऐनवेळी तयार करता येत नाही.

शेवटी तुमच्या दोन चोऱ्यांकडे येते. मला वाटतं, तुमच्या ग्रुपचं दुखणं तिथेच अडकलं आहे. ज्या दोन घरांत चोरी झाली त्यांच्याकडे आज जा. त्यांची परवानगी घ्या, गुन्हा रजिस्टर नंबर घ्या, बीट अंमलदाराला भेटा. आणि उद्या रात्री साडेनऊला, सगळे फोन हातात घेऊन बसलेले असतात तेव्हा, असं काहीतरी लिहा:

"दिवाळीतल्या दोन घरफोड्यांबद्दल. दोन्ही गुन्हे दाखल झाले आहेत. चोर मागच्या नाल्याच्या बाजूने आले, भिंतीवरची तार तिथे तुटलेली होती. ती शनिवारी बसवली, फोटो सोबत आहे. वॉचमनचा जबाब झाला आहे, पोलिसांनी त्याच्यावर संशय घेतलेला नाही, आपणही घेऊ नये. गेटवरच्या ज्या मुलाचा फोटो फिरला तो औषधं पोचवायला आला होता, त्याची सोसायटीतर्फे माफी मागितली आहे. मुद्देमाल अजून मिळालेला नाही. पुढची माहिती पुढच्या रविवारी याच वेळी देईन, काही नवं नसेल तर नाही म्हणून सांगेन."

यातलं जे तुमच्याकडे खरं नसेल ते गाळा, जे झालेलं नसेल ते आधी करा आणि मग लिहा. आणि रविवारी साडेनऊची वेळ चुकवू नका.